दोनदा जुळवलेलं पुस्तक

गल्लीत त्यांना सगळे खिळेकाकू म्हणत. नवं बिऱ्हाड आलं की त्या घरच्या बायका आधी जरा बिचकूनच असत. बाई स्वभावानं टोचऱ्या असणार, म्हणून हे नाव पडलं, असा त्यांचा समज व्हायचा. तो अगदीच चुकीचा होता असं नाही, पण नाव पडलं होतं छापखान्यातल्या खिळ्यांवरून. शिशाचा एकेक खिळा, त्याच्या टोकाला एकेक उलटं अक्षर. लाकडी खणांतून ते खिळे वेचायचे, हातातल्या लोखंडी चौकटीत शेजारी-शेजारी उभे करायचे, ओळ भरली की ती उतरवून दुसरी धरायची. अशा ओळींचं पान आणि पानांचं पुस्तक. काकूंची सगळी उमर या कामात गेली.

त्यांना छापखान्यात घातलं थोरल्या भावानं. वडील लवकर गेले, आई कायमची आजारी. भाऊ घड्याळं दुरुस्त करायला शिकत होते आणि ही धाकटी शाळा अर्ध्यात सोडून घरात भांडी घासत होती. छापखान्याच्या मालकांचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, ते भाऊंनी चालू करून दिलं. मालकांनी मजुरी विचारली तर म्हणाले, "मजुरी राहू द्या. माझ्या बहिणीला कामावर घ्या."

"अरे, एवढीशी पोर. वरच्या खणापर्यंत हात तरी पोचेल का तिचा?"

"स्टूल मी करून देतो," भाऊ म्हणाले, आणि खरंच करून दिलं. मालक तिला 'ती बारकी' म्हणायचे, ते भाऊंनी उचललं. पुढे बारकीचं लग्न झालं, ती आई झाली, नवरा गेला, सासू झाली, तरी भाऊंच्या तोंडी "बारके" राहिलंच.

काकूंना एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि तो म्हणजे पानाची उजवी कड. डावी कड कोणीही सरळ ठेवतं. पण शब्द काही आपल्या सोयीनं लांब-आखूड होत नाहीत. ओळ कुठे चार अक्षरांनी कमी पडते, कुठे दोन अक्षरांनी वर जाते. मग शब्दांच्या मधे कोरे खिळे सारायचे, कुठे जाड, कुठे कागदासारखे पातळ, असे की ओळ दोन्हीकडे भिंतीला टेकली पाहिजे आणि मधे भोकं दिसता कामा नयेत. काकूंचं पान बघून मालक गिऱ्हाइकाला म्हणत, "लावा पट्टी. केस जात असेल मधून तर छपाई फुकट." काकू तेव्हा मान खाली घालून काम करत असत, पण कान तिकडेच असायचे.

मग काळ बदलला. मालकांच्या मुलांनी खिळे मोडीत काढले. शिशाच्या गोण्या ट्रकात चढताना काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. रडल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र बरेच दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत, आणि भाजीत मीठ कमी पडलं तरी त्याचा दोष मालकांच्या मुलांना.

त्याच सुमारास लेकाचं लग्न झालं, आणि सून आली ती संगणक घेऊनच. लेक लांबच्या गाडीवर ड्रायव्हर. घरी असला तर झोपलेला, नसला तर नाहीच. सूनबाईनं पुढच्या खोलीत टेबल मांडलं, दारावर पाटी लावली आणि लोकांचे अर्ज, अहवाल, शाळेच्या मासिकांची पानं टाइप करून द्यायला लागली. काकू दाराशी खुर्ची टाकून हे सगळं बघत बसायच्या. बघायच्या म्हणजे नाक मुरडायच्या.

"हे काय जुळवणं? हे तर बडवणं," एकदा त्या म्हणाल्या.

"बडवलं तरी ओळी सरळच येतात ना, आई?"

"येतात गं. पण सरळ केल्या कोणी? तू की त्यानं?"

"त्यानं."

"मग जेवायलाही त्यालाच वाढ."

सूनबाई खो-खो हसली. ती चांगली होती, हसण्यावारी न्यायची. पण कोणी किती हसण्यावारी न्यावं यालाही काही अंत असतो, हे काकूंच्या फार उशिरा ध्यानात आलं.

एके दिवशी भाऊ आले. काखेत कागदांचं बाड. जुन्या कॅलेंडरांची पानं कापून त्यांच्या पाठीवर त्यांनी लिहिलं होतं. दुकान बंद केल्यापासून ते हेच करत बसले होते: आजवर कोणकोण कसली घड्याळं घेऊन आलं, घड्याळाला काय झालं होतं आणि माणसाला काय झालं होतं.

"बारके, याचं पुस्तक करायचंय," ते म्हणाले. "आणि जरा लवकर करायचंय."

"का? कुठे गाडी पकडायचीय?"

"डोळे चाललेत गं." भाऊंनी हे अशा आवाजात सांगितलं की जसा काही रस्त्यावरचा दिवा गेलाय. "डॉक्टर म्हणाले, मधलं दिसणं आधी जाईल, कडेकडेचं राहील. म्हणजे दारं-खिडक्या दिसतील, माणसाचं तोंड दिसणार नाही. वाचायचं असेल ते आत्ताच वाचून घ्या म्हणाले."

काकूंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"मला माझं पुस्तक माझ्या डोळ्यांनी वाचायचंय. कोणी वाचून दाखवायला नको. हातानं लिहिलेलं आहे ते माझंच बोलणं; त्यात काय वाचायचं? छापलं की कसं, दुसऱ्या कोणी शहाण्या माणसानं सांगितल्यासारखं वाटतं. एकदा तसं वाचून बघतो आणि मग जाऊ देत डोळे."

सूनबाई टेबलामागून म्हणाली, "मामा, द्या इकडे. हातातली कामं बाजूला ठेवून करते. पंधरा-वीस दिवसांत देते तुम्हाला."

"तू नाही," काकू म्हणाल्या. "भाऊचं पुस्तक मी जुळवणार."

"कशानं गं? खिळे कुठायत?" भाऊंनी विचारलं.

काकूंनी संगणकाकडे असं पाहिलं, जसं एखादीनं न आवडणाऱ्या जावेकडे उसनं पीठ मागायला जाताना पाहावं. "यानंच," त्या म्हणाल्या. "काय अवघड आहे? याला काय शिंगं आहेत?"

भाऊंचा चेहरा फुलला, हे खोटं नाही. "तुझ्या हातचं असेल तर मग काय बोलायचं," ते म्हणाले. त्या एका वाक्यावर काकू पुढचे कित्येक महिने चालल्या, आणि त्या एका वाक्यापायीच सगळं घसरलं.

शिकवणी सुरू झाली. माउस हलवता हलवता टेबलाच्या कडेला आला की काकू म्हणायच्या, "बाणाला अजून पुढे जायचंय आणि टेबल संपलं. आपल्याला टेबल मोठं लागेल." सूनबाई माउस उचलून परत मधे ठेवून दाखवायची. सुलट अक्षरांचाही त्यांना त्रास व्हायचा. जन्मभर उलटी अक्षरं वाचलेली. पडद्यावरची सरळ अक्षरं त्यांना पाठ फिरवून उभी राहिल्यासारखी वाटत. पण बोटं तरबेज होती. कुठल्या खणात कुठलं अक्षर हे ज्या हातांना अंधारातही कळायचं, त्यांना कळफलक पाठ व्हायला किती वेळ लागणार? थोड्याच दिवसांत काकू भराभर टाइप करायला लागल्या आणि तिथेच त्यांना वाटलं, झालं, आलं आपल्याला.

"आई, आता पुढचं दाखवते," सूनबाई म्हणाली. "ओळ संपली की थांबायचं नाही. तो आपणच खाली जातो."

"जाईल तो. पण कुठून जायचं ते मी ठरवणार."

"आणि दोन्ही कडा सरळ करायला हे वर बटण आहे बघा, एकदा दाबलं की सगळं पुस्तक..."

"ते राहू दे. अक्षरं उमटवायची कशी, पुसायची कशी, ठेवून द्यायची कशी आणि मथळ्यासाठी अक्षर मोठं कसं करायचं, एवढं आलं मला. बाकीचं मला तुझ्या जन्माआधीपासून येतंय."

या वेळी सूनबाई हसली नाही.

मग काकूंनी आपल्या पद्धतीनं काम धरलं. ओळीत मावतील तेवढे शब्द टाइप करायचे, ओळ कुठे तोडायची ते नजरेनं ठरवायचं आणि तिथे बटण दाबून खाली जायचं. मग परत वर येऊन शब्दांच्या मधे एकेक मोकळी जागा सारायची, कुठे एक, कुठे दोन, उजवी कड नीट टेकेपर्यंत. छापखान्यातली स्टीलची पट्टी त्यांनी जपून ठेवली होती, ती काढली आणि पडद्यावर लावून बघायला लागल्या.

"आई, काच आहे ती!"

"काचेला काय होतंय? पट्टी ओरखडत नाही, टेकवतेय."

मथळा मधे आणायचा तर डावीकडून मोकळ्या जागा मोजत-मोजत ढकलायचा. पान संपलं की खाली-खाली दाबत पुढच्या पानावर जायचं. पानाचा आकडा हातानं घालायचा. दिवसाकाठी दोन पानं झाली तर खूप. मधे सूनबाईचं गिऱ्हाईक आलं की उठावं लागायचं, परत बसल्यावर आधीच्या ओळीत कुठेतरी भोक दिसायचं, मग ते बुजवायचं. पण पान पुरं झालं की काकू खुर्ची मागे सारून त्याच्याकडे बघत बसायच्या, आणि तेव्हा त्यांच्या तोंडावर जे काही असायचं ते बघून सूनबाईलाही काही बोलवत नसे.

भाऊ अधूनमधून यायचे. बाहेर ओसरीवर बसायचे.

"किती झालं गं?"

"होतंय."

"दाखव की एखादं पान."

"छापखान्यात गिऱ्हाइकाला आत सोडत नाहीत, भाऊ. मुद्रितं तपासल्याबिगर पान बाहेर जात नाही. विसरलास का?"

"बरं बाई," म्हणून भाऊ जरा वेळ बसायचे, आणि आतून टकटक ऐकू येत राहिली की उठून जायचे. एकदा चहा घेताना त्यांनी बशीच्या बाजूला कप ठेवला आणि चहा मांडीवर सांडला. "आंधळा व्हायचा सराव करतोय," ते हसून म्हणाले. सूनबाईनं ते पाहिलं. भाऊ गेल्यावर ती काकूंपाशी आली.

"आई, राग मानू नका. जेवढं झालंय तेवढं मी जाड अक्षरात काढून देते ना मामांना. कच्चं असलं म्हणून काय? वाचायला लागू दे त्यांना. पुस्तक सावकाश होईल."

"कच्चं पान देऊ? धागे लोंबतायत असा सदरा घालून पाठवशील का तू कोणाला बाहेर?"

"थंडी वाजत असेल तर पाठवीन," सूनबाई म्हणाली.

काकूंना हे उत्तर झोंबलं. झोंबलं ते बरोबर होतं म्हणूनच, पण त्या वेळी त्यांना एवढंच दिसलं की कालची पोर आपल्याला छापखाना शिकवतेय. "तुझं तू बघ," त्या म्हणाल्या. त्यानंतर सूनबाईनं त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

पुस्तक एकदाचं पुरं झालं, तेव्हा सूनबाई घरात नव्हती. तिचे वडील जिन्यावरून पडले होते म्हणून ती माहेरी गेली होती, आणि मोडलेलं हाड म्हाताऱ्या माणसाचं, लवकर जुळतंय थोडंच. जाताना तिनं काकूंना कागदावर छापून काढायचं तेवढं शिकवून ठेवलं होतं. काकूंनी सगळी पानं काढली, सारखी करून दोऱ्यानं बांधली आणि भाऊंच्या घरी घेऊन गेल्या.

भाऊ खिडकीशी बसले. घड्याळजीचं ते डोळ्यात धरायचं भिंग त्यांनी लावलं आणि पान नाकाशी आणलं. डावीकडे केलं, उजवीकडे केलं. काकू त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभ्या होत्या. पुष्कळ वेळानं भाऊ म्हणाले, "कडा काय सुरेख आल्यात गं."

"केस जाणार नाही मधून."

"नाहीच जाणार." त्यांनी भिंग काढून डोळा चोळला. "एकच कर, बारके. अक्षर जरा मोठं कर. हे असं एकेक अक्षर वेचावं लागतंय. शब्द सापडेपर्यंत मागचं विसरतो. मोठं असलं तर अजून वाचेन मी. या उजव्या डोळ्यानं वाचेन."

यात काय मोठंसं मागितलं त्यांनी? काकू घरी आल्या, सगळं पुस्तक निवडून मथळ्यासाठी जसं अक्षर मोठं करायच्या तसं केलं, आणि पडद्याकडे बघितलं. एकेका ओळीचं शेपूट तुटून खाली पडलं होतं. एक ओळ लांब, खाली एकच शब्द लोंबतोय, परत लांब ओळ, परत एक शब्द. मथळे कुठच्या कुठे गेले, पानांचे आकडे पानाच्या मधोमध आले. भूकंप झालेल्या गावासारखं दिसायला लागलं सगळं. घाबरून त्यांनी अक्षर परत होतं तेवढं केलं, तर पुस्तक मुकाट्यानं परत जागेवर बसलं.

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, माझं काहीतरी चुकलंय. काकूंना तसं वाटलंच नाही, आणि खरी मेख तिथेच होती. खिळ्यांच्या जगात मोठं अक्षर म्हणजे मोठा खिळा. मोठा खिळा जुन्या ओळीत कसा मावेल? पान मोठ्या अक्षरात हवं असेल तर ते मोडून नव्यानं जुळवायचं, यात चूक-बरोबर काही नसतंच. मालकांनी सांगितलं की काकू उसासा टाकून नवा खण ओढायच्या. तसाच उसासा त्यांनी टाकला आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. एकेक ओळ, एकेक मोकळी जागा, पडद्यावर पट्टी.

सूनबाई रोज संध्याकाळी फोन करायची.

"काही अडलंय का आई?"

"काही नाही. तुझ्या बाबांचं कसंय?"

"बरंय आता. काठी घेऊन चालतात. मामांना दिलं का पुस्तक?"

"दिलं. थोडी दुरुस्ती सांगितलीय, तेवढी करतेय."

थोडी दुरुस्ती! एवढं सांगितलं असतं की अक्षर मोठं करायचंय, तर त्या पोरीनं फोनवर जागच्या जागी काहीतरी सुचवलं असतं. निदान "थांबा, मी येते" तरी म्हणाली असती. पण काकूंच्या मते यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. काम वाढलं होतं, आणि वाढलेलं काम उपसायचं असतं. भाऊ आता एकटे येत नसत. शेजारचं कोणी हात धरून आणायचं. ओसरीवर बसून म्हणायचे, "घाई नाही गं. होईल तेव्हा होईल." काकूंना ते खरंच वाटायचं.

सूनबाई परत आली, हातपाय धुऊन चहा ठेवला आणि सहज पडद्याकडे बघून म्हणाली, "हे काय करताय आई?"

"मोठ्या अक्षरात जुळवतेय. निम्म्याच्या वर झालं."

"परत? सगळं? पहिल्यापासून?"

"मग काय आकाशातून पडणार?"

सूनबाई खाली बसली. पहिलं, बारीक अक्षराचं पुस्तक तिनं उघडलं. परिच्छेद कुठे सुरू होतात तिथे आधी खूण केली. मग ओळीओळीच्या शेवटी काकूंनी बटण दाबून घातलेल्या तोडी आणि मधल्या जादा मोकळ्या जागा शोधून काढून टाकायला संगणकाला सांगितलं, आणि काकूंच्या डोळ्यांदेखत सगळ्या कडा विस्कटल्या. इतक्या महिन्यांचे कोरे खिळे, कुठे जाड, कुठे पातळ, एकदम नाहीसे झाले. काकूंनी टेबलाची कड घट्ट धरली. मग सूनबाईनं ते वरचं बटण दाबलं आणि कडा परत आल्या. डावी सरळ, उजवी सरळ.

"आता अक्षर मोठं करते हं," सूनबाई हळूच म्हणाली. केलं. काही पडलं नाही. सगळ्या ओळी आपापल्या सरकून, एकमेकींना जागा देऊन परत दोन्हीकडे टेकल्या. "अजून मोठं करू?" अजून केलं. "अजून?"

"थांब," काकू म्हणाल्या. त्यांना पुढे बघवेना.

चहा ओट्यावर गार झाला होता. बाहेर उन्हं अजून उतरलीही नव्हती.

पानं छापून दोघी तशाच भाऊंकडे गेल्या. सूनबाईनं अक्षर चांगलं ठसठशीत ठेवलं होतं, लहान मुलांच्या पाटीवर असतं तेवढं. भाऊंनी गठ्ठा मांडीवर घेतला. भिंग लावलं, काढलं. मान तिरकी करून पानाकडे डोळ्याच्या कडेनं बघितलं, पक्षी बघतो तसं.

"छान," ते म्हणाले. "आता कसं, स्पष्ट आहे. पहिला धडा ना हा? भिंतीवरच्या घड्याळाचा?"

त्या पानावर फक्त त्यांचं नाव होतं. मधोमध, हातभर अंतरावरून दिसेल असं. बाकी सगळं कोरं.

सूनबाई तोंड फिरवून खिडकीपाशी गेली. काकू म्हणाल्या, "हो भाऊ. तोच."

घरी येताना रस्त्यात काकू एकदम थांबल्या. "तू मला सांगितलं होतंस ना गं," त्या म्हणाल्या. "कच्ची पानं देऊ म्हणून."

"जाऊ दे आई."

"जाऊ दे कसं? थंडी वाजत होती त्याला. मी धागे कापत बसले."

सूनबाईनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. ती काही वाईट बोलली असती तर काकूंना बरं वाटलं असतं.

पुस्तक नंतर नीट छापून आलं, बांधून आलं. लोकांनी वाचलं, नावाजलं. काकूंनी सूनबाईसमोर बसून राहिलेली शिकवणी पुरी केली. ते वरचं बटण, पानांचे आपोआप पडणारे आकडे, एकदा ठरवलं की सगळ्या मथळ्यांना लागू होणारा आकार, सगळं. "सांग, मी ऐकतेय," म्हणायच्या आणि खरंच ऐकायच्या. सूनबाईकडे कोणी काम घेऊन आलं की दाराशी बसलेल्या काकू आधी विचारतात, "वाचणार कोण? वय काय त्यांचं? अक्षर केवढं हवं?" आणि त्याच दिवशी, झालं असेल तेवढं, कच्चं-पक्कं, चुकांसकट, माणसाच्या हातात द्यायला लावतात. लोकांना वाटतं, बाई फार उत्साही आहेत.

पण हे सगळं पुढचं. पुस्तकाची पहिली प्रत घेऊन काकू भाऊंकडे गेल्या तेव्हाची गोष्ट अशी झाली. भाऊंनी ती हातात घेतली, तळव्यानं वजन केलं, वास घेतला. पानावरून बोट फिरवलं. हल्लीच्या छपाईत बोटाला काही लागत नाही. नुसता गुळगुळीत कागद.

"कसं झालंय गं?" त्यांनी विचारलं.

"कडा सरळ आहेत," काकू म्हणाल्या. "पण त्या मी केलेल्या नाहीत. सूनबाईनं केल्यात."

"कडा जाऊ देत. आत काय आहे ते कसंय? तुला आवडलं का?"

खिळे जुळवणारा माणूस अक्षरं बघतो, काना-मात्रा बघतो, ओळ भरली का बघतो. ओळीत काय म्हटलंय ते बघायला बसला तर संध्याकाळपर्यंत पान होणार नाही. इतक्या वर्षांत इतकी पुस्तकं या हातांखालून गेली, त्यातलं एकही काकूंनी वाचलं नव्हतं. हे तर पुरतं एकदा आणि वर निम्मं जुळवलं होतं. भाऊंनी लिहिलेला प्रत्येक शब्द बोटांनी उमटवला होता, आणि त्या पुस्तकात काय होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. भाऊ बाहेर ओसरीवर बसलेले असायचे, आणि त्या आत त्यांच्याच शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागा मोजत असायच्या.

"भाऊ, मी वाचलं नाही रे," त्या म्हणाल्या. "मी नुसतं जुळवलं."

रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग भाऊंनी पुस्तक काकूंच्या दिशेनं पुढे केलं. थोडं चुकलं, काकूंनी हात पुढे नेऊन घेतलं.

"मग बस," ते म्हणाले. "मीही नाही वाचलेलं. वाच."

काकू वाचायला लागल्या. शाळा सुटल्यापासून मोठ्यानं कधी वाचलं नव्हतं. शब्द तुटायचे, जोडाक्षराशी अडायच्या, पूर्णविराम ओलांडून पुढे जायच्या. एका माणसाची हकिकत आली. तो चालू घड्याळ घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, हे बंद करून द्या. घड्याळजी म्हणाला, अहो, बिघडलेलं चालू करायला आणतात लोक. तर तो म्हणाला, घरी कोणी आलं की भिंतीकडे बघतं आणि उठतं. म्हणून हे बंद...

भाऊ आधीच हसायला लागले होते. काकू अजून ओळीच्या मधेच होत्या. त्यांना कळेना कशाला हसतात ते.

"काय झालं?"

"अगं, पुढे वाच की. मग मी त्याला विचारतो, किती वाजता बंद करू, ते येतं."

काकूंनी बोट ठेवून ओळ शोधली. ती सापडेना. पान डोळ्यांत भरून आलेल्या पाण्यानं हलत होतं. भाऊंना ते दिसलं नाही.

"मिळाली का ओळ?" त्यांनी विचारलं.

"शोधतेय," काकू म्हणाल्या.